टपाल नऊला, पिशवी साडेआठला

सातारा जिल्ह्यातल्या पाटण, जावळी किंवा महाबळेश्वर तालुक्यातल्या एखाद्या गावात टपाल उशिरा का येते, असे विचारले की दोन उत्तरे ठरलेली असतात. पोस्टात विचारावे तर घाट, पाऊस, रस्ता. गावात विचारावे तर पोस्टमन. दोन्हींत थोडेफार तथ्य आहे, पण त्यावर भागत नाही. सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात ना घाट आहे ना धो धो पाऊस. तरी पूर्व भागातल्या गावांची तक्रार हीच. म्हणजे दोष सह्याद्रीवर ढकलून मोकळे होता येत नाही. उशिराचा मोठा वाटा तालुक्याच्या पोस्टातून गावच्या शाखा पोस्टात जाणाऱ्या पिशवीच्या वेळापत्रकात आहे. ते वेळापत्रक लोकांना दिसत नाही, आणि त्यापायी गेलेले दिवस कोणाच्या हिशेबात धरले जात नाहीत.

आधी टपालाची वाट पाहू. मुंबई-पुण्याहून निघालेले पाकीट वर्गीकरण केंद्रांतून सातारा किंवा कराडच्या बाजूला येते. तिथून ते पाटण, मेढा अशा तालुक्याच्या उपडाकघरात उतरते. इथवरचा प्रवास बहुधा रात्री आणि हमरस्त्याने होतो. पुणे-बंगळूर महामार्ग दारातून जात असल्याने या टप्प्यात फार काही बिघडत नाही. पुढे उपडाकघरात गावागावांच्या पिशव्या भरल्या जातात. एकेका उपडाकघराच्या हाताखाली अशी अनेक शाखा डाकघरे असतात, आणि प्रत्येकाची दिवसाला एकच पिशवी जाते, एकच येते. ती कुठे एसटीतून जाते, कुठे डाकसेवकाच्या दुचाकीवरून, कुठे शेवटचे दोन-तीन किलोमीटर पायी.

गाठ बसते ती इथे. समजा, तालुक्याला टपाल सकाळी नऊला उतरते आणि गावाकडची एसटी साडेआठला सुटते. मग त्या एसटीतून जाते ते कालचे टपाल. आजचे पाकीट दिवसभर उपडाकघरात पडून राहते. हे पाकीट गुरुवारी आले असेल तर शुक्रवारी सकाळी निघेल, दहा-सव्वादहाला गावच्या फाट्यावर उतरेल. शाखा पोस्टाखाली मुख्य गाव आणि तीन-चार वाड्या. गावात रोज वाटप, वाड्यांवर एक दिवसाआड. आपली वाडी मंगळवार, गुरुवार, शनिवारची. म्हणजे पाकीट शनिवारी दारात. शनिवारी दाराला कुलूप असले की रविवार सुट्टी, सोमवार दुसऱ्या वाडीचा, थेट मंगळवार. गुरुवारी तालुक्यात आलेले पाकीट वीस-पंचवीस किलोमीटर चालून पुढच्या मंगळवारी हातात पडते. यात कोणी कामचुकारपणा केलेला नाही, दरड कोसळलेली नाही, पाऊसही नाही.

हीच पिशवी साडेनऊला निघाली असती आणि वाटपाची फेरी तासभर पुढे सरकली असती, तर पाकीट गुरुवारीच वाडीत पोहोचले असते. एका तासाच्या चुकामुकीची किंमत पाच दिवस. नवी भरती, नवी इमारत, नवे सॉफ्टवेअर यांच्याआधी प्रत्येक शाखा पोस्टाची ही चुकामुक तपासली पाहिजे, कारण दुरुस्तीच्या सगळ्या उपायांत हा सर्वांत स्वस्त आहे. वेळापत्रके एकदा बसली की वर्षानुवर्षे तशीच चालतात. वरचे टपाल रेल्वेवरून रस्त्यावर आले, गाड्यांच्या वेळा बदलल्या, वर्गीकरणाची केंद्रे कमी झाली. खालची एसटी मात्र जुन्याच वेळेची धरलेली. आणि एसटी महामंडळ आपल्या फेऱ्या शाळा आणि बाजार पाहून ठरवते, टपाल पाहून नव्हे. फेरी रद्द झाली की पिशवी राहिली. २०२१-२२ च्या लांबलेल्या एसटी संपात पिशवी एकाच फेरीवर टांगून ठेवणे किती महागात पडते हे दिसले होते. त्यानंतर किती मार्गांवर पर्यायी वाहक नेमला, हे विभागाने सांगायला हवे.

शाखा पोस्टात पिशवी उघडताना पाहिली की पुढचा तिढाही कळतो. बारकी कॅनव्हासची पिशवी, तोंडाला दोरी, लेबल आणि सील. ब्रँच पोस्टमास्टर सील तपासतो, दोरी कापतो. आत सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे बीओ स्लिप: किती रोकड पाठवली, किती तिकिटे, नोंद असलेली पाकिटे कोणती. आधी रोकड मोजायची, मग नोंदीची पाकिटे स्लिपशी ताडायची, मग मोबाइलवर ती ‘आली’ अशी चढवायची. साधी पत्रे सर्वांत शेवटी, कारण त्यांचा हिशेब कोणी मागत नाही. एवढे होईतो काउंटरवर आरडीचा हप्ता भरायला आलेली, सुकन्याचे पासबुक घेऊन आलेली, अंगठा लावून पैसे काढायला आलेली माणसे उभी असतात. हे काम करणाऱ्या ग्रामीण डाकसेवकाची नेमणूक चार किंवा पाच तासांची. २०१८ च्या सुधारणेत चार तासांच्या ब्रँच पोस्टमास्टरचा मूळ भत्ता १२,००० रुपये ठरला, सहायकाचा १०,०००. त्यावर महागाई भत्ता. सहायकाची जागा रिकामी असेल तर काउंटर आणि वाटप दोन्ही एकट्याच्या गळ्यात. वर खाती उघडण्याचे आणि ग्रामीण टपाल जीवन विम्याचे उद्दिष्ट. खाती किती उघडली हे वरिष्ठ विचारतात, वाडीतले पत्र कधी गेले हे सहसा कोणी विचारत नाही. ज्याची विचारणा होते ते काम आधी होणार. माणसाचा स्वभाव आहे, त्यात डाकसेवकाला वेगळे काढण्याचे कारण नाही.

सगळाच दोष पोस्टाचा मात्र नाही. पत्ता लिहिण्यात आपण जो निष्काळजीपणा करतो त्यानेही एक-दोन दिवस सहज जातात. गावात पोस्ट नसतानाही सवयीने ‘मु. पो.’ ठोकून देतात. शाखा पोस्टाला स्वतःचा वेगळा पिन नसतो. तो वरच्या उपडाकघराचा असतो, आणि त्या एका पिनखाली अनेक गावे. त्यामुळे पिन बरोबर असला तरी पाकीट फक्त तालुक्याच्या टेबलापर्यंत बिनचूक येते. पुढे कोणत्या पिशवीत टाकायचे हे ‘पो.’ पुढचे नाव ठरवते. वडगाव, निगडी, पिंपरी ही नावे या दोन जिल्ह्यांत किती ठिकाणी आहेत ते मोजायला बसू नये. योग्य क्रम असा: नाव, वाडी किंवा आळी, मु. अमुक, पो. तमुक (ज्या गावात शाखा पोस्ट आहे ते), मार्गे उपडाकघर, ता., जि., पिन आणि चालू मोबाइल नंबर. शाखा पोस्टाचे नाव माहीत नसेल तर गावच्या कोणत्याही पासबुकावर छापलेले असते.

पिनचा दुसरा घोळ आपल्या भागापुरता खास आहे. १५ ऑगस्ट १९७२ ला दळणवळण मंत्रालयातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची ही योजना देशभर लागू झाली. पहिल्या तीन अंकांवरून वर्गीकरण जिल्हा ओळखायचा. पण ४१५ पाहा: सातारा ४१५००१, कराड ४१५११०, फलटण ४१५५२३, तेच तीन अंक सांगली जिल्ह्यातल्या विट्याला आणि शिराळ्याला, तेच घाटाखाली चिपळूणला, गुहागरला, दापोलीला. म्हणजे माणदेशाच्या कडेपासून अरबी समुद्रापर्यंत एकच ४१५. उलट वाई ४१२८०३ आणि महाबळेश्वर ४१२८०६, जिल्हा सातारा, पण पिन पुणे ग्रामीणच्या पंगतीतला. सांगली ४१६४१६ आणि मालवण ४१६६०६ यांचेही पहिले तीन अंक सारखे. त्यावर प्रशासकीय वाटणी आणखी वेगळी: सातारा डाक विभाग पुणे क्षेत्राखाली, सांगली गोवा क्षेत्राखाली, म्हणजे वरचे कार्यालय पणजीला. कराड आणि शिराळा शेजारशेजारचे तालुके, पण तक्रार वर चढली की एक पुण्याकडे जाते, दुसरी पणजीकडे. पिनचा आणि रस्त्याचा, रस्त्याचा आणि अधिकाऱ्याचा मेळ नाही. घाईत वर्गीकरण करणाऱ्याने पहिल्या तीन अंकांवर भिस्त ठेवली की पाकीट घाट उतरून परत चढते.

मे २०२५ मध्ये डाक विभागाने डिजिपिन आणला. दहा अक्षरांचा संकेत, साधारण चार मीटर बाय चार मीटरचा चौकोन नेमका दाखवतो. कल्पना चांगली आहे, आयआयटी हैदराबाद आणि इस्रोचे काम त्यामागे आहे. रुग्णवाहिकेला त्याचा उपयोग होईल. पण घराचा चौकोन सापडला म्हणून पिशवी दिवसातून दोनदा येणार नाही.

यावर शहरी वाचक विचारील, पत्रे लिहितो कोण आता? खुशालीची पत्रे संपली, हे खरे. उरले ते नोटिसा, पासपोर्ट, पॅन, आधार, एटीएम कार्ड, वाहनाचे आरसी बुक, न्यायालयाचे कागद, पतसंस्थेची थकबाकीची सूचना. संख्या घटली, पण उरलेल्या प्रत्येक पाकिटामागे मुदत, पैसा किंवा हक्क आहे. खुशालीचे पत्र चार दिवस उशिरा आले तर जीव थोडा टांगणीला लागायचा. नोटीस उशिरा आली तर सातबारा बदलतो.

सातबाऱ्याचेच घ्या. फेरफाराची नोंद धरली की संबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीला पंधरा दिवस मिळतात. पाटण-जावळीतल्या घरटी एक-दोन माणसे मुंबईत, माथाडीत नाहीतर गिरणगावातल्या जुन्या खोलीत. नोटीस गावच्या पत्त्यावर गेली तर घराला कुलूप. नोंदीचे पाकीट सात दिवस पोस्टात राहते आणि मग परत फिरते. मुंबईच्या चुलतभावाला कळते तेव्हा मुदत सरलेली असते. मग प्रांताकडे अपील, वकील, तारखा.

चेक न वटल्याची नोटीस हा दुसरा प्रकार. परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ प्रमाणे बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस द्यायची, ती मिळाल्यापासून पंधरा दिवसांत समोरच्याने पैसे भरायचे, न भरल्यास महिन्याच्या आत तक्रार. आता यात ‘मिळाल्यापासून’ हा दिवस ठरवायचा कसा? १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचे कलम २७ सांगते की बरोबर पत्ता घालून, पुरेसे तिकीट लावून नोंदणी टपालाने पाठवलेले पत्र टपालाच्या नेहमीच्या ओघात ज्या वेळी पोहोचले असते त्या वेळी पोहोचले असे धरायचे. उलटे सिद्ध होईपर्यंत. कायद्याचा नेहमीचा ओघ आणि डोंगरातल्या वाडीचा नेहमीचा ओघ यांत चार-पाच दिवसांचे अंतर पडते. ते अंतर सिद्ध करण्याचा भार पडतो वाडीतल्या माणसावर, आणि त्याच्या हाती पुरावा काय? पूर्वी पाकिटाच्या पाठीवर पोचत्या पोस्टाचा तारखेचा शिक्का स्वच्छ उठायचा. आता तो बहुधा नसतो, असला तर शाईचा नुसता डाग.

त्यात २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट ही स्वतंत्र सेवा राहिली नाही, ती स्पीड पोस्टात मिसळली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासूनच्या दराने पन्नास ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाला स्थानिक हद्दीबाहेर ४७ रुपये, नोंदणी हवी तर ५ रुपये वर, त्यावर जीएसटी. एकूण ६१ रुपये ३६ पैसे. वीस ग्रॅमचे रजिस्टर पूर्वी सव्वीस रुपयांच्या आत जायचे. जादा पैशात वेग मिळतो, असा युक्तिवाद आहे. मिळतो, पण सातारा-कराडपर्यंत. त्यापुढे स्पीड पोस्टाचे पाकीट आणि पन्नास पैशांचे पोस्टकार्ड एकाच पिशवीत, एकाच एसटीत, त्याच साडेआठच्या फेरीत. वाडीतल्या माणसाला महागडा दर लागू झाला, वेगवान टप्पा लागू झाला नाही. पाच रुपयांत ओटीपी दाखवून वाटप अशीही सोय दिली आहे. कोयनेच्या पलीकडच्या कांदाटी खोऱ्यात ओटीपी येण्यासाठी आधी टेकडीवर जाऊन रेंज शोधावी लागते, हे दर ठरवणाऱ्यांच्या गावी नसावे.

नुकसानभरपाईचे म्हणाल तर स्पीड पोस्टाला उशीर झाल्यास भरलेले शुल्क परत, हरवल्यास शुल्काच्या दुप्पट किंवा हजार रुपये, यांतली कमी रक्कम. १८९८ चा कायदा जाऊन २०२३ चा डाकघर कायदा १८ जून २०२४ पासून लागू झाला, तरी नियमांत ठरवून दिले असेल त्याखेरीज डाकघर जबाबदार नाही, ही तरतूद नव्या कायद्यातही आलीच. म्हणजे उशिराची झळ पोस्टाला जवळपास बसत नाही. झळ बसत नाही तोवर आपणहून कोणी वेळापत्रक बदलणार नाही, आणि म्हणून निदान मोजमाप तरी उघड्यावर आणावे, एवढीच मागणी आहे.

विभागाची बाजूही रास्त आहे. एका शाखा पोस्टात दिवसाला दहा-बारा पाकिटे येत असतील तर दुसरी पिशवी कशी परवडणार? दुसरी पिशवी मागतो कोण? आहे तीच पिशवी टपाल आल्यावर सोडा. जिथे एसटीची वेळ जुळतच नाही तिथे चार-पाच शाखा पोस्टांची एक वर्तुळाकार फेरी करून दुचाकीवर एक वाहक द्या. आज प्रत्येक शाखेचा डाकसेवक आपापली पिशवी आणायला फाट्यावर जातो, त्यात त्याच्या चार तासांतला पाऊण-एक तास जातो. फेरी वाहकाकडे गेली की तो तास वाटपाला मिळेल. पैशांचे गणित मांडून पाहा, खर्च वाटतो तितका वाढत नाही.

पावसाळ्याचे नियोजन वेगळे करावे लागेल, कारण तेव्हा अडचण खरीच असते. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळून माणसे गेली, आंबेनळी घाट बंद पडला. अशा वेळी टपालाची अपेक्षा कोणी करत नाही. पण जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोयना जलाशयातली लाँच कोणत्या वाऱ्यात बंद होते, कोणता ओढा कोणत्या गावाला तोडतो, हे बामणोली-तापोळ्याच्या लोकांना आणि उपडाकघराला वर्षानुवर्षे ठाऊक आहे. सांगलीच्या नदीकाठालाही आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी चाळीस फुटांवर गेली की काय करायचे ते पाठ आहे. मग मेअखेर गावनिहाय पावसाळी यादी का होत नाही? पिशवी अडली तर पाकीट उपडाकघरात थांबवून ज्याचा नंबर पाकिटावर आहे त्याला एसएमएस जावा. बाजाराला तालुक्याला येणारा माणूस ओळखपत्र दाखवून ते घेऊन जाईल. आणि सात दिवसांची परतीची मुदत रस्ता किंवा लाँच सुरू झाल्यावर मोजायला घ्यावी. पिशवी अडलेली असताना पाकिटावर ‘दार बंद’ असा शेरा मारून ते परत पाठवणे म्हणजे सरळ खोटी नोंद आहे.

दोन गोष्टी विभागीय अधीक्षक दिल्लीला न विचारता करू शकतात, असे माझे मत आहे. प्रत्येक शाखा पोस्टाच्या भिंतीवर एक फळा: पिशवी येण्याची वेळ, जाण्याची वेळ, कोणत्या वाडीचे वाटप कोणत्या वारी. आणि नोंद असलेल्या प्रत्येक पाकिटावर पोचत्या शाखेचा तारखेचा शिक्का, वाचता येईल असा. फळ्यामुळे गावाला विचारता येईल. शिक्क्यामुळे तलाठ्यापुढे, पतसंस्थेच्या वसुली अधिकाऱ्यापुढे, न्यायालयात दाखवायला काही हाती राहील.

ते होईपर्यंत गावाने स्वतः करायची कामे आहेत. नोंदीचे पाकीट घेताना सहीखाली तारीख आणि वेळ स्वतःच्या हाताने घालावी, आणि पाकीट फाडून फेकू नये. त्यावरचा बारकोड नंबर हाच पुढे ट्रॅकिंगचा पुरावा. ट्रॅकिंगचे पान त्याच दिवशी छापून ठेवावे, तारखेसह. मुंबईकरांनी गावच्या ब्रँच पोस्टमास्टरला आपला नंबर आणि कोणाच्या हाती पाकीट द्यायचे त्याचे लेखी अधिकारपत्र देऊन ठेवावे. तोंडी सांगितलेले बदलीच्या माणसाला कळत नाही. तक्रार १८००-२६६-६८६८ वर नोंदवावी आणि तिचा क्रमांक टिपून ठेवावा.

एवढ्यानेही हलले नाही तर ग्रामपंचायतीच्या कोणा सदस्याने दहा रुपये भरून माहिती अधिकारात अर्ज करावा. अर्जात ‘टपाल उशिरा का येते’ असे विचारू नये, त्याला ‘तसे काही नाही’ असे एका ओळीचे उत्तर येते. तीन गोष्टी मागाव्यात: गेल्या तीन महिन्यांत वरचे टपाल उपडाकघरात कोणत्या वेळी पोहोचले त्याची रोजची नोंद, आमच्या शाखेची पिशवी कोणत्या वेळी सोडली त्याची नोंद, आणि मेल ओव्हरसियरने (शाखा पोस्टांची पाहणी करणाऱ्या कर्मचाऱ्याने) त्या काळात शाखेला दिलेल्या भेटींचे अहवाल. पहिले दोन कागद शेजारी ठेवले की चुकामुक किती मिनिटांची आहे ते दिसते. ग्रामसभेचा ठराव करून, हे दोन्ही कागद जोडून, विभागीय अधीक्षकाकडे पिशवीची वेळ बदलून मागावी.